गाडी कुणाची म्हणायची?

दुसऱ्याच्या गाड्या चालवणाऱ्या माणसाकडं दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक पार्किंगमध्ये काढलेली झोप, आणि दुसरे किस्से. झोप कुणाला सांगता येत नाही, म्हणून मग किस्से सांगायचे.

आम्हाला सुप्यात बदली ड्रायव्हर म्हणतात. कुणाचा कायमचा ड्रायव्हर गावी गेला, कुणाला लांब जायचंय आणि स्वतः चालवायचा कंटाळा आलाय, की आम्हाला फोन येतो. पुणे-नगर रोडला लागून एक पत्र्याचं ऑफिस आहे, तिथं आम्ही चौघं बसतो. मी, म्हणजे नामदेव, पण सगळे नानाच म्हणतात. याकूबचाचा, आमच्यातले सगळ्यात जुने, नगरहून येऊन-जाऊन करतात. संदेश, केडगावचा, बी.कॉम. झालेला. आणि मंदाताई, ज्यांनी आधी एमआयडीसीतल्या कामगारांची गाडी चालवली. आमच्या चौघांच्या नावावर मिळून एकही चारचाकी नाही. पण या भागात कंपन्या वाढल्या, जमिनींना भाव आले, आणि अशा अशा गाड्या आमच्या हाताखालून जायला लागल्या, की चालू करायचं बटण कुठं आहे हे शोधण्यातच चहा गार होतो.

रस्त्यावरचा माणूस आधी गाडीकडं बघतो, मग काचेतून आत बघतो, आणि आत कोण आहे ते ठरवून टाकतो. आमच्याकडं त्याचं गणित पक्कं आहे. पांढरी गाडी, पांढरे कपडे, पिकलेले केस, म्हणजे साखर कारखान्याचे डायरेक्टर. तरुण माणूस आणि गळ्यात साखळी, म्हणजे प्लॉटिंगवाला. तरुण माणूस, साखळी आणि चाकांना चिखल, म्हणजे वाळूवाला. चष्मा असला तर डॉक्टर. ड्रायव्हर कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण ड्रायव्हर ओळखायला मागच्या सीटवर कुणीतरी बसलेलं लागतं. आणि आमचा निम्मा वेळ तर मागं कुणी नसतानाच जातो.

*

पारनेरच्या बाजूला एक लग्न होतं. मालक कोंबडीखाद्याचे व्यापारी, पुण्यात राहणारे. गाडी काळी, मोठी, पायरीवर पाय देऊन चढावं लागणारी. वाटेत मालकांचे चुलतभाऊ भेटले. ते म्हणाले, नवं घर बघून जा, आमच्या जीपमध्ये चला. मालक आणि मालकीणबाई जीपमध्ये बसले आणि मालक मला म्हणाले, "तू गाडी घेऊन कार्यालयावर पुढं हो."

मी पुढं झालो. माझ्या अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. लग्नाला जायचं म्हणून मुद्दाम घातलेला, तेवढीच माझी चूक.

गेटवर गाडी थांबते न थांबते तोच एकानं दार उघडलं. दुसऱ्यानं हाताला धरून उतरवलं. मी म्हणालो, "अहो, मी..."

"आधी फेटा, मग बोलू," तो म्हणाला.

फेटा बांधणाऱ्यानं डोकं असं घट्ट धरलं होतं की मान हलवून नाही म्हणायचीही सोय नव्हती. फेटा झाल्यावर मला थेट स्टेजवर नेलं. माईकवरचा माणूस बोलतच होता. "आपल्या विनंतीला मान देऊन खास पुण्याहून आलेले, सुप्रसिद्ध उद्योजक, माननीय..." एवढं म्हणून तो खाली वाकला आणि हळूच मला म्हणाला, "नाव काय?"

"नामदेव."

"माननीय नामदेवशेठ!" तो माईकमध्ये म्हणाला. नारळ आला, शाल आली.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर पंचायत समितीचे कुणीतरी माजी सभापती होते. त्यांनी थोडं झुकून विचारलं, "काय म्हणतंय सध्या पुण्याचं?"

"ट्रॅफिक फार आहे," मी म्हणालो. मला तेवढंच माहीत होतं.

त्यांनी बराच वेळ मान हलवली. "खरंय. सगळ्याच लाईनीत गर्दी झालीय."

मग मला आशीर्वादपर दोन शब्द बोलायला लावले. पळून जायला वाट नव्हती. मी म्हणालो की दोघांनी संसाराची गाडी दमानं चालवावी, वळणावर हॉर्न द्यावा, आणि कुणाच्या पुढं जायची घाई करू नये. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या मागं, मंडपाच्या अगदी मागच्या खांबाजवळ, मला माझे मालक दिसले. हातात पत्रावळ होती. त्यांना कुणी बसाही म्हटलेलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर आम्ही निघालो. मी आधी त्यांच्यासाठी मागचं दार उघडायला गेलो, तर ते स्वतःच उघडून बसले. मी फेट्याला हात घातला.

"राहू दे नाना," ते मागून म्हणाले. "गेटवरचे अजून बघतायत."

*

याकूबचाचांचा किस्सा ते स्वतः सांगत नाहीत. डॉक्टरांनी सांगितला म्हणून आम्हाला कळला.

नगरचे एक डॉक्टर आहेत, त्यांची जर्मन गाडी. चाचा त्यांच्याकडं बरेच महिने बदलीवर होते. चाचांची पांढरी दाढी, डोक्यावर विणलेली जाळीची टोपी. डॉक्टरांना सोडून गाडी परत नेताना एका चौकात एक हवालदार त्यांना नेमानं अडवायचा.

"गाडी कुणाची?"

"डॉक्टरसाहेबांची."

"कागद."

चाचा कागद दाखवायचे, डॉक्टरांचं कार्ड दाखवायचे, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच. डॉक्टरांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांना वाईट वाटलं. त्यांनी चाचांना ड्रायव्हरचा पांढरा ड्रेस शिवून दिला आणि वर ती टोपी, पुढं टोक असलेली. दुसऱ्या दिवशी त्याच हवालदारानं शिट्टी मारून दुसरी वाहनं थांबवली आणि चाचांना वाट करून दिली.

आम्ही विचारलं, "चाचा, राग नाही आला?"

"कुणाचा करू?" चाचा म्हणाले. "आधी थांबवत होता तो काय मला थांबवत नव्हता. आणि आता सोडतो, तोही मला सोडत नाही."

पुढं एकदा दवाखान्यातच चाचांना सडकून ताप भरला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, म्हणाले, मीच घरी सोडतो. चाचा मागच्या सीटवर, अंगावर शाल, डोक्यावर त्यांची जाळीची टोपी. डॉक्टर पुढं, टी-शर्टवर, स्टेअरिंगला.

चौकात हवालदारानं हात केला. वाकून आधी मागं पाहिलं. शाल पांघरून टेकून बसलेले वयस्कर गृहस्थ दिसले, तसा थोडा सावरला आणि कपाळाला हात लावला. मग पुढं येऊन डॉक्टरांना म्हणाला, "लायसन्स दाखव."

डॉक्टरांनी खिसे चाचपले. लायसन्स घरी होतं. त्यांच्याकडं ते आजवर कुणी मागितलंच नव्हतं.

"लायसन्स नाही आणि एवढी गाडी चालवतो?"

डॉक्टर काही बोलणार, तेवढ्यात चाचांनी मागून डोळे न उघडताच सांगितलं, "जाऊ द्या साहेब. नवीन आहे."

आणि हवालदारानं जाऊ दिलं.

*

मंदाताईंकडं एक बाबा होते. सुप्याजवळच्या गावचे, धोतर, पैरण, पायात करकरणाऱ्या वहाणा. त्यांची जमीन कंपन्यांत गेली आणि दोन्ही पोरांनी मिळून चांगली भारी गाडी घेतली. बाबांनी दोन म्हशी मात्र ठेवल्या होत्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना मोटरसायकलवर बसता येत नव्हतं, आणि डेअरीला दूध मी स्वतःच घालणार हा त्यांचा हट्ट. मग पोरांनी सकाळपुरतं मंदाताईंना लावलं. सीटच्या चामड्यावर पोतं अंथरायचं, बाबांनी त्यावर बसायचं, दुधाची किटली दोन पायांत धरायची. गाव म्हणायचं, म्हाताऱ्याला माज आलाय. बाबांना ते ऐकू जायचं, पण ते किटलीचं झाकण घट्ट बसलंय का तेवढं बघायचे.

एकदा तो खुबा दाखवायला मंदाताई त्यांना पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेल्या. पोरं कामावर, त्यामुळं दोघंच. मंदाताईंना उन्हाचा त्रास होतो, म्हणून गाडी चालवताना त्या काळा गॉगल लावतात. साडी साधीच, पण नीट चापूनचोपून नेसलेली.

दारातल्या सिक्युरिटीनं सलाम केला. "या मॅडम. गाडी आम्ही लावतो. आजोबांना तिकडं बाकावर बसू द्या, तुम्ही आत एसीत बसा."

मंदाताई म्हणाल्या, "अहो, दाखवायचं त्यांना आहे."

"जा बाई तू आत," बाबा म्हणाले. "तुझा मान हाय तर घे. मी बसतो हितं."

आत काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिनं बाबांचं नाव, वय विचारलं. मग मान वर न करता विचारलं, "तुमचे कोण?"

मंदाताईंनी सरळ खरं ते सांगितलं. "मालक."

मुलीनं मान वर केली. मंदाताईंकडं पाहिलं, गॉगलकडं पाहिलं, काचेतून बाहेर बाकावर बसलेल्या ऐंशीच्या घरातल्या बाबांकडं पाहिलं. मग चेहरा शक्य तेवढा सरळ ठेवून म्हणाली, "बरं. मिस्टरांना आत घेऊन या."

मंदाताईंच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. तोवर वॉर्डबॉय बाहेर जाऊन बाबांना म्हणाला होता, "चला, तुमच्या मिसेस बोलावतायत." बाबा इकडं तिकडं बघत आत आले. मग डॉक्टरही मंदाताईंनाच सांगत राहिले, यांना जपा, जिना चढू देऊ नका, रात्री पायाखाली उशी द्या. मंदाताई मान हलवत होत्या. आता सांगायला जावं तर आणखीच गुंता.

येताना शिरूर मागं पडेपर्यंत बाबा खिडकीबाहेर बघत होते. मागच्या सीटवरून मधूनच खुसखुस ऐकू यायची. गाव जवळ आलं तसे ते सावरून बसले.

"बाई," ते म्हणाले, "घरी म्हातारीला न्हाई सांगायचं."

*

हा माझाच, आणि छोटासाच आहे.

एका भारी गाडीनं पारनेर फाट्याच्या पुढं ऐन दुपारी जीव सोडला. आत मी एकटा. कंपनीच्या हेल्पलाईनवाली बाई गोड आवाजात म्हणाली, आमचं वाहन पुण्याहून निघतंय. माझ्याजवळचं पाणी संपलेलं. बोनेट उघडून मी रस्त्याच्या कडेला हात करत उभा राहिलो. मोटरसायकलवाले वेग कमी करायचे, गाडीकडं बघायचे, माझ्याकडं बघायचे आणि निघून जायचे. एकानं तर जाता जाता सांगितलं, "शेठ, इन्शुरन्स असंल की."

उन्हाला कंटाळून मी लांब एका बाभळीखाली जाऊन टेकलो. तर आलेली पहिलीच मोटरसायकल आपण होऊन थांबली.

"काय पाव्हणं, कुठं जायचंय?"

"जायचं नाही कुठं. ती गाडी बंद पडलीय माझी," मी बोट दाखवलं.

त्यानं गाडीकडं पाहिलं. "मग कशाला गरिबाची थट्टा करता," म्हणाला, आणि किक मारून गेला.

तेव्हा मला कळलं की गाडीकडं पाठ करून बसायला पाहिजे. मी तसा बसलो. थोड्या वेळानं शेळ्या घेऊन एक आजी आल्या. मी पाणी मागितलं. त्यांनी पिशवीतून बाटली काढून दिली आणि विचारलं, "कुणाची रं ती गाडी?"

आता अनुभवानं शहाणा झालो होतो. म्हणालो, "काय म्हाईत."

"आन मानूस कुठं गेला म्हनायचा असल्या उनाचा?" आजी म्हणाल्या. "आसंल कुठं तरी हिंडत. त्याला बी तान लागली असंल."

त्यांनी माझ्या हातातली बाटली घेतली, गाडीजवळ गेल्या, चाकाच्या सावलीत ती नीट उभी करून ठेवली आणि शेळ्या हाकत टेकाडापलीकडं गेल्या.

त्या दिसेनाशा झाल्यावर मी जाऊन ते पाणीही प्यालो.

*

संदेशचं लग्न गाडीमुळं मोडता मोडता राहिलं, का गाडीमुळंच झालं, यावर आमच्या ऑफिसात अजून एकमत नाही.

तो एका मालकांना पैठणला सोडायला गेला होता. मालक म्हणाले, माझा मुक्काम आहे, तू गाडी घेऊन जा, आणि वाटेत शेवगावला तुझं मुलगी बघायचं आहे ना, ते उरकून घे. मालक चांगला माणूस. त्याला वाटलं, पोराचं वजन पडेल.

शेवगावात मामा येऊन थांबलेच होते. गाडी बघून मामा ताठ झाले. गल्लीत गाडी शिरली तेव्हा दारादारांत माणसं आली. मुलीचे वडील रिटायर्ड शिक्षक, घरात शिस्तीत मांडलेली पुस्तकं, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. मुलगी नर्स. स्वागत मात्र थंड झालं. पोहे आले, पण बोलणं पुढं सरकेना. मामांनी आधीच सांगून ठेवलं होतं की आमचा भाचा ट्रान्सपोर्ट लाईनला आहे.

शेवटी गुरुजींनी चष्मा पुसला आणि विचारलं, "वाळूचं का प्लॉटिंगचं?"

"काय?" संदेशला कळलं नाही.

"तुमचं कामकाज."

मामांनी संदेशच्या मांडीवर हात दाबला. संदेशनं तो बाजूला केला. "मी ड्रायव्हर आहे सर. गाडी मालकांची आहे. बदलीवर चालवतो."

मामांनी डोळे मिटून घेतले. गुरुजी उठून आत गेले. आत बराच वेळ कुजबुज चालली. संदेशनं मामांना खुणेनं विचारलं, निघायचं का? मामांनी पोह्यांच्या रिकाम्या बशीकडं बघत मान हलवली.

तेवढ्यात मुलगीच बाहेर आली. समोरच्या खुर्चीत बसली.

"खरंच ड्रायव्हर आहात?"

"हो."

"लायसन्स आहे?"

त्यानं काढून दिलं. तिनं पुढून मागून वाचलं. "फोटो बरा नाही आलाय," म्हणाली, आणि आत बघून वडिलांना सांगितलं, "बाबा, चहा टाकायला सांगा."

त्या दोघांचं लग्न विहारात अगदी साधेपणानं झालं. खरं काय होतं ते तिनं त्याला नंतर सांगितलं. आधीच्या एका स्थळाकडंही गाडी होती, हिच्याहून मोठी. साखरपुडा ठरला, पत्रिका छापायला टाकल्या, आणि मुलाकडच्यांच्या दारातून फायनान्सवाल्यांनी ती ओढून नेली. गाडीमागोमाग बाकीचंही एकेक बाहेर आलं. त्यानंतर गुरुजींनी दारात मोठी गाडी दिसली की आधी चौकशी करायची असं ठरवलं होतं.

पैठणला सोडलेल्या त्या मालकांनी लग्नाला वरातीसाठी गाडी देऊ केली होती. गुरुजींनी निरोप पाठवला, तुम्ही जरूर या, फक्त गाडी गल्लीच्या बाहेर लावा.

*

आता साहेबांचं सांगतो.

साहेबांचा एमआयडीसीत स्वतःचा कारखाना आहे. कायमचा ड्रायव्हर होता, पण महिन्यातून एकदा श्रीरामपूरला जायचं असलं की ते त्याला सुट्टी देऊन मला बोलवायचे. मला आवडायचं, कारण ते कमी बोलायचे आणि मी काही विचारायचो नाही.

श्रीरामपूर जवळ आलं की ते गाडी कडेला घ्यायला सांगायचे. हातातलं घड्याळ काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवायचे. बूट काढून साध्या चपला घालायचे. एक कापडी पिशवी बरोबर असायची, तीत थोडी फळं. गावात एका बंद पडलेल्या जिनिंग मिलच्या भिंतीला लागून मी गाडी लावायचो आणि साहेब समोरच्या चाळीच्या बोळात चालत जायचे. परत येताना पिशवीत फळांच्या जागी स्टीलचा डबा असायचा.

एकदा त्यांनी डब्यातली पोळीभाजी मलाही दिली. तेव्हा एवढंच म्हणाले, "मी सुप्यात मशीनवर कामाला लागलो तेव्हा हिच्या मेसमध्ये जेवायचो. मार्था मावशी. कुणी दोन पोळ्यांवर उठला की ती त्याला पुन्हा खाली बसवायची." म्हातारपणी मावशी मेस बंद करून माहेरी श्रीरामपूरला आली होती. साहेबांचं पुढं काय काय झालं ते तिला माहीत नव्हतं, हे मला त्या चपलांवरून कळत होतं. का सांगितलं नाही, ते मी विचारलं नाही.

त्या दिवशी रविवार होता. साहेब बोळात गेले आणि मी काच खाली करून बसलो. थोड्या वेळानं चर्चच्या बाजूनं काही बायका येताना दिसल्या. गाडी बघून थांबल्या, आपसांत बोलल्या आणि सरळ माझ्याकडं आल्या. पुढं एक वयस्कर बाई, पांढरी साडी, गळ्यात बारीक क्रूस.

"ही गाडी कुणाची म्हनायची?"

"साहेबांची."

"कोन साहेब? बिल्डर हाय का?"

"नाही, कारखाना आहे त्यांचा."

"मग हितं कशाला येतो दर महिन्याला?" मागची एक बाई म्हणाली. "गाडी लावतो आन कुनाला दिसायच्या आत पायी शिरतो. जागा बघत असंल, मोजमाप घेत असंल. आमचा घरमालक इकायचं इकायचं म्हनतोयच. ही गाडी यायला लागल्यापास्नं चाळीत कुनाला झोप न्हाई."

ती वयस्कर बाई खिडकीजवळ आली. आवाज चढलेला नव्हता.

"त्यांना म्हनावं, चाळीत मानसं राहत्यात," ती म्हणाली. "मी ह्या वयात कुठं जाऊ? निदान पावसाळा तरी काढू द्या. एवढं इचारशील का भाऊ?"

मी हो म्हणालो.

तेवढ्यात बोळातून साहेब आले. पिशवीत फळं तशीच होती. बाईनं वळून पाहिलं आणि तिचा चेहराच बदलला.

"पक्या! कवा आलास रं? दाराला कुलूप बघून चाललास व्हय? आज मंडळीची प्रार्थना लांबली."

तेव्हा मला कळलं, की हीच मार्था मावशी.

"आत्ताच आलो मावशी," साहेब म्हणाले.

"बघ, हीच ती गाडी. चाळ घ्यायला आलाय कुनी तरी. तुला सांगायचं न्हवतं, उगी घोर नको म्हनून." तिनं शेजारणीला घरी डबा आणायला पिटाळलं. "भरून ठेवलाय, घेऊन जा. बसायला आता टाइम न्हाई, साऱ्या जनी घरमालकाकडं चाललोय बोलायला."

शेजारीण येईपर्यंत साहेब गाडीच्या एका बाजूला उभे, मी एका बाजूला. ते माझ्याकडं बघत नव्हते. त्यांनी फळांची पिशवी मावशीच्या हातात दिली. मावशी त्यांच्या पायांकडं बघत होती. मग ती माझ्याकडं वळली.

"ड्रायव्हरभाऊ, तुमचं साहेब यायला येळ हाय का अजून? तवर ह्याला स्टँडवर सोडाल का? दिवसभर उभ्यानं काम करतो, पाय सुजत्यात त्याचं."

मी साहेबांकडं पाहिलं.

"सोडतो मावशी," मी म्हणालो.

सवयीनं माझा हात मागच्या दाराकडं गेला होता. साहेबांनी पुढचं दार उघडलं आणि माझ्या शेजारी बसले. मावशीनं त्यांच्या मांडीवर डबा ठेवला आणि खिडकीतून वाकून म्हणाली, "गप बसून जा. आतल्या कशाला हात लावू नको."

"नाही लावत," साहेब म्हणाले.

गाडी निघाली. कोपरा वळल्यावर मी वेग कमी केला आणि वाट पाहिली. साहेबांनी मांडीवरचा डबा सरळ केला. नगरचा रस्ता आला, तिथं मी पुन्हा थोडा रेंगाळलो.

"स्टँडवर घे," ते म्हणाले.

स्टँडवर ते उतरले, दार हळू लावलं आणि डबा घेऊन आत गेले. मला वाटलं, मावशीचं कुणी बघत असेल, पाच मिनिटांनी येतील. मी गेटबाहेर थांबलो. नगरची बस बाहेर पडली तेव्हा ते खिडकीशी बसलेले दिसले.

मी गाडी बसच्या मागं घातली. राहुरीला बस थांबली, तसा मीही शेजारी थांबलो. साहेबांनी खिडकीतून खाली गाडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मग मांडीवरचा डबा उघडला आणि जेवायला लागले.